नातं : ईमेल

मंगळवारी दुपारी चार वाजता आमच्या कचेरीतल्या सव्वीस जणांना ‘सायबर-जागरूक कर्मचारी’ असं प्रमाणपत्र मेलवर आलं आणि मला आलं नाही. कोणी म्हणेल, एवढ्याशा कागदाचं काय घेऊन बसलात. पण दोन दिवसांच्या त्या प्रशिक्षणात दहापैकी नऊ गुण मिळवणारा मी एकटाच होतो. दहावा प्रश्नच चुकीचा छापला होता, असं माझं आजही मत आहे. आणि ज्याला चार गुण पडले, ज्यानं ‘उत्तम पासवर्डचं उदाहरण द्या’ या प्रश्नाला स्वतःचा खरा पासवर्ड लिहून दिला, त्या जावक विभागातल्या माणसानं प्रमाणपत्राची रंगीत प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली सरकवलीसुद्धा होती. मी हेडक्लार्क आहे. एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली आहेत. मी दर पाच मिनिटांनी इनबॉक्स उघडत होतो आणि तिथे दर पाच मिनिटांनी कुठल्यातरी चपलांच्या दुकानाचा सेल संपत होता.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा जिन्यात रविराज भेटला. हा आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, घरात बसून एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो, आणि सोसायटीत कुणाचा मोबाईल गरम झाला तरी लोक त्याच्याकडे जातात. त्याला मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. तो म्हणाला, स्पॅममध्ये बघा काका.

सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र स्पॅममध्ये जाईल, ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटली. तरी बूट न काढता सोफ्यावर बसून ते दालन उघडलं. आत महिन्याभराचे आठशे बारा मेल होते. ज्या बँकेत माझं खातं नाही ती बँक माझं खातं बंद करत होती. डोक्यावर केस उगवून देणारे चार वेगवेगळे लोक होते. त्यांना माझं डोकं कुणी दाखवलं कोण जाणे. परदेशातली एक विधवा आपल्या नवऱ्याचा ठेवा माझ्याच स्वाधीन करायचा म्हणून हटून बसली होती आणि रोज एक मेल पाठवत होती. या सगळ्या गर्दीत माझं प्रमाणपत्र निपचित पडलेलं होतं. ते मी उचलून इनबॉक्समध्ये आणलं. तिथेच थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण प्रमाणपत्राच्या खालच्याच ओळीत माझं आडनाव दिसलं.

‘प्रिय कु. सृष्टी नाथा गांगुर्डे, प्रतीक्षायादीतून आपली बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमासाठी निवड झाली आहे. शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत खालील लिंकवर प्रवेश निश्चित करावा, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.’ खाली निळ्या अक्षरांतली लिंक, फॉर्म नंबर, कळवण तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता आणि मोबाईल नंबर. नंबरातले पहिले आठ आकडे फुल्या मारून झाकलेले.

माझं नाव नवनाथ पुंजाराम गांगुर्डे. माझ्या घरात सृष्टी कोणी नाही. एक तेजल आहे, ती पुण्याला नोकरी करते. म्हणजे मेल आपला नाही. प्रशिक्षणात फसव्या मेलची पाच लक्षणं सांगितली होती : अनोळखी माणूस, घाई, धमकी, लिंक आणि पैशाची मागणी. पाचपैकी चार जागच्या जागी सापडली. मी मोठ्या समाधानानं तो मेल स्पॅम ठरवायला गेलो, तर जे आधीच स्पॅममध्ये आहे ते पुन्हा स्पॅम ठरवता येत नाही असं कळलं. मग बूट काढले.

जेवताना मी हा किस्सा तेजलच्या आईला सांगितला. माझी नजर किती तीक्ष्ण आहे हा किस्स्याचा मुद्दा होता. तिनं भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, “आणि खरा असला तर? त्या पोरीला कळलंय का?”

मी लक्षणं सांगितली. ती म्हणाली, पैसे मागितलेत का. मी म्हणालो, तेवढं एक लक्षण नाही. तेजलच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही दोघं तीन दिवस कॉम्प्युटरसमोरून हललो नव्हतो, आंघोळीला जाताना पाळी लावत होतो, हे तिलाही आठवलं असणार आणि मलाही आठवलं.

बुधवारी सकाळी स्पॅममध्ये दुसरा मेल होता : ‘स्मरणपत्र. तीन दिवस शिल्लक.’ मी सरळ त्याला उत्तर लिहिलं की महोदय, हा मेल चुकून माझ्याकडे येत आहे, कृपया संबंधित विद्यार्थिनीस कळवावे. चार सेकंदांत उत्तर आलं की या पत्त्यावर आलेले मेल कोणी वाचत नाही. वाचत नाही हे इतक्या तातडीनं कोण कळवतं, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि कॉलेजच्या मदतकक्षाला लिहिलं. तासाभरानं त्यांचं आलं : ‘प्रिय सृष्टी, आपल्या शंकेबद्दल धन्यवाद.’

मी लिहिलं, मी सृष्टी नाही. मी चोपन्न वर्षांचा पुरुष आहे.

‘प्रिय सृष्टी, वैयक्तिक माहितीत बदल करावयाचा असल्यास आधारकार्ड आणि दहावीचा दाखला जोडावा.’

कचेरीतलं काम त्या दिवशी माझ्या हातून धड झालं नाही. दोन पत्रांवर चुकीचे शिक्के मारले. मदतकक्षाला मी एकूण सात मेल पाठवले आणि प्रत्येक मेलागणिक मी अधिकाधिक सृष्टी होत गेलो. शेवटच्या उत्तरात त्यांनी मला शुभेच्छाही दिल्या.

संध्याकाळी रविराजला घरी बोलावलं. त्यानं मेलचा पत्ता उलटसुलट तपासला, काहीतरी बारीक अक्षरं उघडून वाचली आणि चहा संपवून म्हणाला, काका, मेल खरा आहे. आम्ही दोघं नवरा-बायको एकदम खाली बसलो. खोटा असता तर किती सोयीचं होतं. लिंकवर जन्मतारीख आणि पासवर्ड मागत होते, तेव्हा आपण परस्पर काही करण्याचा प्रश्न नव्हता. रविराजचा सल्ला असा की, आता काका तुम्ही काहीएक करू नका. दुसऱ्याच्या मेलमध्ये हात घातला की घालणारा अडकतो. ऑनलाइन जगात चांगुलपणा आणि गुन्हा हे लांबून अगदी सारखे दिसतात.

हे ऐकून खालच्या मजल्यावरचे गोटीराम निकम उखडले. ते नेमके सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले होते आणि दारातच उभे राहून ऐकत होते. गोटीराम पोस्टमास्तर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून लिफाफा हातात आला की आधी शिक्का बघतात. त्यांचं म्हणणं, चुकून आलेलं पत्र ज्याचं त्याला पोचवायचंच असतं, त्यात सल्ला कसला घ्यायचा. रविराज म्हणाला, आजोबा, हे पत्र नाही, डेटा आहे. गोटीराम म्हणाले, त्यावर पोरीचं नाव आहे ना, मग ते पत्र आहे. दोघांची अर्धा तास जुंपली. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्यामुळे दोघांचाही राग येत होता.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कॉलेजातच गेलो. कॉलेज नाशकातलंच, माझ्या घरापासून स्कूटरनं वीस मिनिटांवर. गेटवर वही होती. नाव, मोबाईल, कोणाला भेटायचं, काम, आणि शेवटी ‘विद्यार्थ्याशी नातं’. मी पेन हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मागे रांग लागली. वडील लिहावं तर खोटं, कोणी नाही लिहावं तर आत सोडणार नाहीत. शेवटी जे खरं होतं ते लिहिलं : ईमेल. वॉचमननं ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि जा म्हणाला.

काचेपलीकडच्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं की सुरक्षेच्या कारणामुळे विद्यार्थिनीचा नंबर देता येत नाही, तिला फोन करण्याची पद्धत नाही, आणि नोंदलेल्या ईमेलवर कळवलं की कॉलेजचं काम संपतं. मी म्हणालो, नोंदलेला ईमेल माझा आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला कळलंय ना. एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाकडे मान वळवली. ती मान वळवण्याची पद्धत मी ओळखली. एकतीस वर्षं मी ती रोज वापरतो. काचेच्या या बाजूनं ती कशी दिसते हे मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

कचेरीत परतलो तर आमचा शिपाई दत्तू डबा धूत होता. दत्तू कळवणकडचा. त्याला गावाचं नाव सांगितलं. त्यानं मेव्हण्याला फोन लावला, मेव्हण्यानं कुठल्याशा दूधवाल्याला, आणि बाराव्या मिनिटाला नाथा गांगुर्डे यांचा नंबर माझ्यासमोर कागदावर होता. शेवटचे दोन आकडे मेलमधल्या आकड्यांशी जुळत होते. मदतकक्षाचे सात मेल आठवून मला भरून आलं.

मी घसा साफ करून फोन लावला. नमस्कार केला, आपल्या मुलीची नर्सिंगला निवड झाली आहे असं सांगितलं. पलीकडे पंपाचा आवाज येत होता. नाथा गांगुर्डे म्हणाले, “किती भरायचे?”

“काहीच भरायचं नाही. फक्त उद्या पाचच्या आत—”

“काहीच नाय?” हे ऐकून त्यांचा आवाज एकदम सावध झाला. “नाव काय म्हणले तुमचं?”

“नवनाथ पुंजाराम गांगुर्डे.”

“पुंजाराम तर माझे वडील.”

“माझेही,” मी म्हणालो.

आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं घातक दुसरं काही बोललेलो नाही. फोन बंद झाला. मी पुन्हा लावला तर एका म्हातारीनं उचलला, आणि पुढचं दीड मिनिट तिनं मला श्वास घेऊ दिला नाही. ती नाथाची आई, कुसाबाई. तिच्या बोलण्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि जे कळलं ते इथे लिहिता येणार नाही. थोडक्यात अर्थ असा की, मालक जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता त्यांचा दुसरा मुलगा म्हणवणारा कोणी नाशकातून फोन करत असेल, तर त्यानं समोर यावं, मग बघते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन लागलाच नाही. मला ब्लॉक केलं होतं.

ब्लॉक केलं एवढ्यावर भागतं तर बरं. संध्याकाळी मनमाडहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला. म्हणाला, दाजी, तुमचा फोन आला तर घ्यावा का नाही हे मला कळेना, कारण मोबाईलवर तुमचा नंबर ‘फ्रॉड कळवण नर्सिंगवाला’ असा दिसतोय. कोणी अनोळखी माणूस फोन करतो तेव्हा लोकांनी त्याला दिलेलं नाव दाखवणारं एक ॲप आहे. त्या गावानं दुपारभरात एकमतानं माझं बारसं केलं होतं. मी ताबडतोब आमच्या साहेबांना शुक्रवारच्या रजेसाठी फोन लावला. त्यांनी उचलला नाही. दोनदा वाजला आणि तिसऱ्यांदा कट झाला. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, नऊ गुण होते, आणि माझे साहेब मला घाबरत होते.

तेजलची आई म्हणाली, उद्या तुम्ही जाऊनच या.

शुक्रवारी सकाळी सातच्या बसला मी आणि गोटीराम निघालो. गोटीरामना मी बोलावलं नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, खाकी पिशवी खांद्याला लावून फाटकाशी उभेच होते. पिशवीत मेलची प्रिंट होती. ती त्यांनी लिफाफ्यात घालून त्यावर वळणदार अक्षरांत पत्ता लिहिला होता. मी माझं आधारकार्ड, कचेरीचं ओळखपत्र आणि सायबर-जागरूकतेचं प्रमाणपत्र बरोबर घेतलं. दिंडोरीपर्यंत द्राक्षबागांच्या छाटणीची माणसं चढत-उतरत राहिली, वणीला बस पाऊण तास थांबली कारण ड्रायव्हर आणि कंडक्टरचं कशावरून तरी बिनसलं होतं. मी सारखा घड्याळ बघत होतो. गोटीराम म्हणाले, बघून ते हळू चालत नाही. कळवणला पावणेबारा झाले. तिथून रिक्षा. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना माझ्यामुळे आधीच पुरेसा ताप झाला आहे.

नाथा गांगुर्डेंचं घर कुठे, असं पहिल्याच माणसाला विचारलं. त्यानं विचारलं, तुम्ही नाशिकचे का. मी हो म्हणालो. तो सायकल टाकून पळाला.

आम्ही घरापाशी पोचलो तोवर ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. मधोमध खुर्चीवर पोलीस पाटील, आणि त्यांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून एक काटक म्हातारी. मी नमस्कार करून तोंड उघडलं, तेवढ्या दोन शब्दांवर तिनं माझा आवाज ओळखला.

“हाऊच शे तो,” कुसाबाईनं माझ्याकडे बोट करून सगळ्यांना सांगितलं.

नाथा आणि सृष्टी घरी नव्हते. पहाटेच्या गाडीनं दोघं नाशिकला गेले होते. माझ्या फोनचा संशय आला तरी पोरगी म्हणाली होती की यादीत आपला नंबर जवळ होता, कॉलेजात जाऊन एकदा विचारून तर येऊ. म्हणजे ती दोघं माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होती आणि मी त्यांच्या दारात होतो. मी घाईघाईनं मेलचं सांगू लागलो, पण ओट्यावर मेलमध्ये कुणालाही रस नव्हता. भाऊबंदांना एवढंच विचारायचं होतं की मला नेमकी कुठल्या गटातली जमीन पाहिजे. एकानं तर आधीच स्पष्ट केलं की विहिरीकडची मिळणार नाही. मी शपथेवर सांगितलं की मला कुठलीच नको. त्यावर पोलीस पाटील बाकीच्यांना म्हणाले, “पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात.”

मी आधारकार्ड काढलं. त्यावर स्वच्छ ‘पुंजाराम गांगुर्डे’ लिहिलेलं होतं, त्यामुळे परिस्थिती जास्तच बिघडली. ओळखपत्र काढलं, त्यावरही तेच. प्रमाणपत्र काढलं, ते पाटलांनी ठेवून घेतलं. गोटीराम मध्येच लिफाफा पुढे करून टपाल स्वीकारा म्हणत होते, आणि कुणीही सही करायला तयार नव्हतं. या गोंधळात दोन वाजले, तीन वाजले.

सगळे तावातावानं बोलत असताना कुसाबाई मात्र गप्प झाली होती. ती खाली बसली, आणि पहिल्यांदाच बारीक आवाजात तिनं मला विचारलं की तुझी आई कुठली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जमिनीची काळजी भाऊबंदांना होती, हिला नव्हती. ही बाई गुरुवार दुपारपासून नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचा हिशेब मनात लावत बसली होती. तो दर आठवड्याला कांदे घेऊन नाशिकला जायचा, कधी मुक्काम करायचा. कुठे करायचा हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आणि हे सगळं माझ्या एका ‘माझेही’मुळे झालं होतं.

मी मोबाईलमध्ये माझ्या वडिलांचा फोटो शोधला. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधला फोटो : खुर्चीवर रेल्वेचा गणवेश घातलेले माझे वडील, शेजारी आई, मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. कुसाबाईनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. माझ्या वडिलांच्या मिशा तिनं बराच वेळ पाहिल्या.

“हे ते नाय,” ती म्हणाली. मग उठली आणि जमलेल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, “यांचे येगळे पुंजाराम हायेत. बसू द्या त्यांना.” आणि आत जाऊन आमच्यासाठी पाणी आणलं. भाऊबंदांपैकी दोघं-तिघं जरा निराश झालेले दिसले.

आम्ही पाणी पीत होतो तेवढ्यात, साडेतीनच्या सुमाराला, घरात ठेवलेला मोबाईल वाजला. सृष्टीचा होता. कुसाबाईनं तो ऐकता ऐकता माझ्याकडे बघितलं, म्हणाली की हो, इथंच बसलाय, आणि मला दिला.

पोरगी भराभर पण नेटकं बोलत होती. सकाळपासून रांगेत उभं राहून तिचा नंबर आत्ता लागला होता. काचेपलीकडच्या बाई म्हणत होत्या, मेल मंगळवारीच पाठवला. ही म्हणत होती, आलाच नाही. मग हिनं अर्जावरचा पत्ता बघायला मागितला. वडिलांचा मेल ‘एनपीगांगुर्डे’ आणि पुढे एकाहत्तर असा होता. कळवणला फॉर्म भरणाऱ्यानं एकाहत्तर गाळले होते. उरला तो माझा. कालच्या फोनवाल्यानं सांगितलेलं नाव तिला तिथल्या तिथे आठवलं आणि दोन्ही गोष्टी जुळल्या. आता प्रवेश निश्चित करायचा तर नोंदलेल्या ईमेलवर सहा आकडी ओटीपी येणार होता, दहा मिनिटं चालणारा.

“काका, मी पाठवायला सांगते. तुम्ही मला ओटीपी सांगाल का?”

मी हो म्हणालो आणि मोबाईल उघडला. माझ्या मोबाईलच्या कंपनीला तिथे रेंजच नव्हती. ती शाळेच्या पायरीवर येते असं कळलं. मी पळालो. गोटीराम लिफाफा घेऊन मागे, त्यांच्यामागे घरातला फोन कानाला लावून कुसाबाई, मग पोलीस पाटील, मग अख्खी भाऊबंदकी. पायरीवर उभा राहून मी इनबॉक्स उघडला. चपलांचा सेल आला होता. ओटीपी नव्हता. मी खाली ओढून सोडलं, पुन्हा ओढलं. सहा मिनिटं गेली, आठ गेली. दहावं मिनिट उलटल्यावर मला सुचलं की तो स्पॅममध्ये असणार. होता. मेला होता.

दुसरा पाऊण तासाशिवाय मागवता येत नव्हता; सृष्टीनं तो मागवला. तोवर पावणेपाच होत आले होते. या वेळी मी स्पॅममध्येच दबा धरून बसलो, आणि केस उगवून देणाऱ्यांच्या मधून तो वर आला. सहा आकडे, खाली ठळक अक्षरांत : ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका. आमचे कर्मचारीही तो विचारणार नाहीत.’

आणि माझी जीभ उचलेना. हे कबूल करायला लाज वाटते, पण झालं ते असं. दोन दिवस ज्या पोरीसाठी धावलो तिचा आवाज फोनमधून येत होता, “काका, आला का?” आणि माझ्या डोक्यात प्रशिक्षणातला मास्तर बोलू लागला की गुन्हेगार आधी तुमचा विश्वास कमावतात, नात्यागोत्याचं वातावरण तयार करतात, घाई करतात. हे गाव, ही म्हातारी, हे पाणी, हे सगळं माझ्या एका ओटीपीसाठी तर नव्हतं? नेमकं त्याच वेळी पोलीस पाटलांनी माझं प्रमाणपत्र उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला घेतलं : “मी प्रतिज्ञा करतो की मी माझा ओटीपी कोणत्याही परिस्थितीत कोणालाही सांगणार नाही.” खाली प्रशिक्षणात माझ्याकडून घेतलेली सही छापलेली होती. पाटलांनी ती बोट ठेवून दाखवली आणि माझ्याकडे पाहिलं.

गोटीराम धापा टाकत होते. म्हणाले, “साहेब, पत्र तिचं आहे. देऊन टाका.”

मी सांगितला. पायरीवर उभं राहून, रेंज जाऊ नये म्हणून हात वर धरून, मोठ्यानं. मी एक आकडा म्हणायचा, कुसाबाईनं फोनमध्ये तो पुन्हा म्हणायचा, आणि खालच्या गर्दीतले दोघं-तिघं खात्री म्हणून तिसऱ्यांदा म्हणायचे. इतक्या लोकांना एका वेळी सांगितलेला ओटीपी बहुधा दुसरा नसेल.

मग चार-पाच मिनिटं फोनमध्ये काहीच ऐकू येईना. पाटील प्रमाणपत्राची घडी घालत आणि उलगडत होते. पाचला सात मिनिटं कमी असताना फोनमधून नाथा गांगुर्डेंचा आवाज आला. त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. पोरगी आत सही करतेय एवढंच सांगितलं आणि म्हणाले, “भाऊ, उपाशी जाऊ नका.” कुसाबाई तोवर चुलीकडे निघालीही होती.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून माझा नंबर असा का दिसतो हे विचारलं. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या : मला खुर्ची दिली, आणि पुढच्या महिन्यात होणाऱ्या सायबर प्रशिक्षणाला पुन्हा पाठवलं. माझ्या टेबलासमोर येणाऱ्या माणसाकडून मान वळवताना आता मला त्रास होतो. कामं त्यामुळे हळू होतात आणि जावक विभाग तक्रार करतो.

सृष्टीनं ईमेल बदलून मिळावा म्हणून अर्ज दिला, रीतसर दाखल्यांसह. तो मंजूर झाल्याचा मेल मला आला. त्यानंतरही वसतिगृहाचे नियम, गणवेशाची मापं, रक्तगट कळवा, सगळं माझ्याकडेच येत राहिलं आणि मी ते तिला पाठवत राहिलो. एकदा हजेरी कमी असल्याचं आलं. मी फोन करून विचारलं तर म्हणाली, ताप होता काका, तुम्ही घरी सांगू नका. मी सांगितलं नाही. तीन दिवस मात्र रोज विचारत होतो.

फेब्रुवारीत एका दुपारी पहिल्या सत्राचा निकाल आला. उघडावा की नाही यावर मी दोन मिनिटं घालवली, मग उघडला. सृष्टीला फोन लावला तर ती वॉर्डात असल्यामुळे तो बंद होता. मग नाथाभाऊंना लावला. पलीकडे पंप चालू होता, त्यांना नीट ऐकू जाईना. मी ओरडून सांगितलं की सृष्टीचा निकाल लागलाय, पास झाली. त्यांनी कोणाला तरी हाक मारली आणि पंप बंद झाला. आई येतेय, थांबा, म्हणाले. मग म्हणाले, आता सावकाश वाचा, समद्या विषयांचं वाचा.

पाचही विषयांची नावं इंग्रजीत होती, त्यातली दोन मला धड उच्चारता येत नव्हती. मी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.